गटप्रमुखांची मासिक बैठक रोडावते का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळी शिबिरे आटोपली, शाळा सुरू झाल्या. बेळगाव शहरातल्या गल्ल्यांत आणि खानापूर, निपाणी भागातल्या गावांत मुलांचे व तरुणांचे गट चालवणारी मंडळे याच सुमारास वर्षाचे काम ठरवतात. त्यात एक ठराव हमखास असतो : दर महिन्याला सर्व गटप्रमुखांची प्रशिक्षण बैठक घ्यावी. जूनमध्ये हॉल भरतो, जुलैत निम्मा होतो, गणपतीनंतर सतरंजीवर सात-आठ डोकी उरतात. मग ‘हल्लीच्या पोरांना आस्था नाही’ असे म्हणून विषय मिटवला जातो. आस्था असते, आखणी नसते. ही कामे वर्षानुवर्षे करणाऱ्यांच्या अनुभवातून काही गोष्टी पक्क्या ठरल्या आहेत, त्या आपल्या दैनिकातून सगळ्या मंडळांपर्यंत जाव्यात म्हणून हे पत्र.

आधी गटप्रमुख कोण, ते डोळ्यांसमोर आणावे. एकोणीस ते पंचवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. कोणी कॉलेजात, कोणी उद्यमबागेतल्या फौंड्रीत पाळीवर, कोणी घरची शेती बघणारे. रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या पटांगणावर पंचवीस-तीस पोरे त्याची वाट बघत असतात आणि त्याला तास-दीड तास काढायचा असतो. त्याला नेतृत्वगुणांवरचे व्याख्यान नको असते, उद्या सकाळी काय घेऊ ते हवे असते. बैठकीतून उठताना त्याच्या हातात उद्याचा एक तास तयार असेल तर तो पुढच्या महिन्यात परत येतो. नसेल तर दोनदा येतो, तिसऱ्यांदा येत नाही.

वर्षाची आखणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाच ते सात जणांनी अर्धा दिवस बसून करावी. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर अडचणीचे दिवस खोडून काढावेत, विषय नंतर. खानापूरकडे जून-जुलैत रोप लावण आणि दिवाळीच्या पुढेमागे भाताची सुगी. निपाणी-चिकोडीकडे नोव्हेंबरपासून ऊसतोड. आषाढात वडगावची मंगाई यात्रा, उन्हाळ्यात गावोगावच्या लक्ष्मी यात्रा, वैशाख शुद्ध द्वितीयेची शिवजयंती आणि तिच्या चित्ररथांची तयारी. गणेशोत्सवाच्या आधीचे पंधरा दिवस आणि उत्सवाचे अकरा दिवस बेळगावात दुसरी कुठलीही बैठक होत नाही, तेव्हा बोलावण्यात अर्थ नाही. मार्चमध्ये दहावी आणि पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, परीक्षा. एवढे खोडल्यावर बारा महिन्यांत दहाच बैठका उरतात. दहा पुरतात.

इथे एक खाच आहे. पुण्या-कोल्हापूरच्या संस्थांकडून येणारी वार्षिक नियोजनाची पुस्तिका आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. तिच्यात मोठे शिबिर दिवाळीच्या सुट्टीत धरलेले असते. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, दिवाळीला जेमतेम काही दिवस. उन्हाळी सुट्टीही इथे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास लागते आणि मेअखेरीस संपते, म्हणजे सगळेच आधी. ‘मेमध्ये शिबिर’ असा विषय मेच्या बैठकीत घेतला तर तो वाया गेलाच म्हणून समजा.

विषय निवडताना नियम एकच : गरज लागण्याच्या किमान एक महिना आधी, शिबिरासारखे मोठे काम असेल तर दोन महिने आधी. शिबिराची जागा, पालकांची संमती, स्वयंपाकी, पाणी, संडास हे सगळे ठरवायला सहा आठवडे लागतातच. म्हणून दसऱ्याच्या शिबिराचा विषय ऑगस्टच्या सुरुवातीला, उन्हाळी शिबिराचा फेब्रुवारीत. गणेशोत्सवातली गर्दी, हरवलेले मूल, विसर्जनाच्या वेळी कपिलेश्वर तलावाच्या काठावर दोर कसा धरायचा, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक का बंद ठेवायचा, हे जुलैत. किल्ल्यांचा विषय दिवाळीआधी घेताना राजहंसगड किंवा महिपाळगडाच्या एका दिवसाच्या सहलीची आखणीही घ्यावी. भीमगडाकडे जायचे तर ते अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते. फटाक्यांच्या भाजण्यावर वीस मिनिटे वाहते गार पाणी, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हे त्याच बैठकीत पाच मिनिटांत होते. विहिरीतल्या पोहण्याची सुरक्षाही फेब्रुवारीतच, परीक्षा सुरू होण्याआधी. एप्रिलमध्ये उशीर झालेला असतो.

जूनच्या पहिल्या बैठकीत दोन गोष्टी न चुकता घ्याव्यात. पहिली सर्पदंश. भाताच्या शेतात, बांधावर, गोठ्यात पोरे अनवाणी फिरतात आणि खानापूर तालुक्यात दवाखाना जवळ नसतो. करकचून बांधायचे नाही, चिरायचे नाही, चोखायचे नाही, साप पकडण्यात वेळ घालवायचा नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण काढावे, कारण सूज चढते. हात किंवा पाय मोडल्यावर ठेवतो तसा फळी बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये, वेळ लिहून ठेवावी, १०८ ला फोन करावा आणि प्रतिविष जिथे मिळते त्या सरकारी दवाखान्यात थेट न्यावे. ते आपल्या गावाजवळ कुठे मिळते, याची चौकशी गटप्रमुखाने बैठकीआधीच करून यावे. हा त्याचा गृहपाठ.

दुसरी गोष्ट मुलांच्या सुरक्षिततेची. ही अवघड वाटते म्हणून बहुतेक ठिकाणी गाळली जाते. गटाबरोबर कायम दोन मोठी माणसे, मुली असतील तर त्यांत एक ताई. कोणीही एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटे राहायचे नाही. गाडीवरून एकट्या मुलाला घरी सोडायचे नाही. पालकांना विचारल्याशिवाय फोटो टाकायचा नाही. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा. ‘गल्लीतली पंच मंडळी बघून घेतील’ ही पळवाट त्यात नाही. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा. यावर व्याख्यान नको. चार प्रसंग चिठ्ठीवर लिहून चार गटांना द्यावेत आणि ‘तू काय करशील?’ विचारावे. वीस मिनिटे पुरतात.

वार आणि वेळ. आमचे मत दुसऱ्या शनिवारी दुपारी ४ ते ६. त्या दिवशी बँका आणि सरकारी कचेऱ्या बंद, शाळा सकाळची. जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलांना वस्तीची गाडी मिळते. आणि बहुतेकांचे गट रविवारी सकाळी भरतात, त्यामुळे शिकलेले चौदा-पंधरा तासांत वापरले जाते. महिना गेला की हात विसरतो. पाळीवर काम करणाऱ्यांची एखादी बैठक चुकणारच. म्हणून प्रत्येक गटातून दोघांची नावे नोंदवावीत, एक तरी येतो. एकदा ठरलेला वार वर्षभर हलवायचा नाही. एखाद्या महिन्यात तो दिवस खोडलेला निघाला तर त्या महिन्याची बैठक मेच्या आखणीतच पुढेमागे धरावी किंवा सोडून द्यावी. पाहुण्यांच्या सोयीसाठी आयत्या वेळी तारीख बदलली की पुढच्या महिन्यात लोक फोन करून विचारू लागतात ‘आहे ना नक्की?’, आणि त्यापुढच्या महिन्यात विचारतही नाहीत.

दोन तासांची वाटणी अशी ठेवावी. साडेतीनला मांडणी करणारे हजर. पावणेचारपासून येणाऱ्यांच्या हातात लगेच काहीतरी द्यावे : एखादे कोडे, एखादा कागदाचा खेळ. लवकर येणारा नुसता बसून राहिला तर पुढच्या वेळी तो उशिरा येतो. चारला सुरुवात, मग हॉलमध्ये नऊ जण असोत. दहा मिनिटे गाणे किंवा खेळ, पण उद्या मुलांना घेता येईल असाच. चाळीस मिनिटे मुख्य कौशल्य. दहा मिनिटे चहा. मग चाळीस मिनिटे वयाप्रमाणे वेगळे बसणे : सहा ते दहा, अकरा ते चौदा, पंधरा ते अठरा या गटांचे प्रमुख आपापल्या कोपऱ्यात. सहा वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांवर एक गोष्ट पुरत नाही आणि सोळा वर्षांच्याला टाळ्यांचे गाणे नको असते. सगळ्यांना एकच धडा दिला की निम्मे लोक वेळ घालवतात. पुढची पंधरा मिनिटे देवाणघेवाण, कोणाकडे काय जमले, काय फसले. शेवटची पाच मिनिटे पुढच्या महिन्याचा विषय आणि तयारी. बरोबर सहाला संपवायचे, कारण गाडी कोणासाठी थांबत नाही.

या वेळापत्रकात दीपप्रज्वलन, श्रीफळ, शाल आणि दोन शब्द यांना जागा नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच. पाहुणे वर्षातून एकदा, डिसेंबरच्या क्रीडा स्पर्धांना, हवे तेवढे बोलवावेत.

सूचनांनाही जागा नाही. मासिक बैठक मरते ती सूचनांनी. वर्गणीची आठवण, स्पर्धेची तारीख, जर्सीचा रंग, मैदानाचा अर्ज, प्रत्येकावर ‘आमच्याकडे तसं नाही’ म्हणत चर्चा, आणि सव्वा तास संपतो. सगळ्या सूचना एका कागदाच्या एका बाजूला छापून दाराशी द्याव्यात, प्रश्न असतील त्यांनी चहाच्या वेळी सचिवाला गाठावे. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले तर पुरे, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या गटात ‘सुप्रभात’च्या फुलांखाली काय काय गाडले गेले आहे ते एकदा वर सरकवून बघावे.

मुख्य कौशल्याचे चाळीस मिनिटे कसे घ्यायचे, ते एका उदाहरणाने सांगतो : दोराच्या गाठी. तीस जणांसाठी प्रत्येकी तीन मीटर, म्हणजे शंभर मीटरचे एक भेंडोळे आणावे. आठ ते दहा मिलिमीटर जाडीचा सुती दोर. सुतळी घेतली तर गाठ एवढीशी होते, समोरच्याला दिसत नाही. नवा नायलॉन गुळगुळीत असतो, बरोबर मारलेली गाठही सुटते आणि शिकणाऱ्याला वाटते आपलेच चुकले. कापल्यावर सुती दोराची टोके दोऱ्याने गुंडाळून बांधावीत, नाहीतर दोन बैठकांत त्यांची वेणी उसवते. एका टोकाला वीतभर तेलरंगाचा लाल पट्टा द्यावा. ‘लाल टोक पांढऱ्यावरून’ असे सांगता येते आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

सर्वांत नेहमीची चूक शिकवणाऱ्याच्या उभे राहण्यात असते. तो समोर तोंड करून उभा राहतो, बघणाऱ्याला त्याचा उजवा हात डावीकडे दिसतो आणि गाठ उलटी पडते. शिकणाऱ्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून बसावे. एका शिकवणाऱ्यामागे सहापेक्षा जास्त नकोत. म्हणजे तीस जणांना पाच शिकवणारे लागतात, आणि त्या पाचांची पाऊण तासाची तालीम आधीच्या गुरुवारी झालेली हवी. हे पाच जण त्याच गटप्रमुखांतून दर महिन्याला बदलून निवडावेत. बाहेरचा एकच तज्ज्ञ बोलावला की तीसच्या तीस जण प्रेक्षक होतात.

रीफ गाठीत लाल टोक पांढऱ्यावरून घेऊन एक वेढा, आणि दुसऱ्या वेळीही लालच वर. लाल आता दुसऱ्या हातात गेलेले असते, तेवढेच ध्यानात ठेवायचे. दुसऱ्या वेळी पांढरे वर गेले तर चुकीची गाठ होते, ती ओढ बसली की सरकते. ओळखायची खूण सोपी : बरोबर गाठीत सुटी टोके दोराला लागून समांतर झोपतात, चुकीच्या गाठीत काटकोनात बाहेर येतात. ही गाठ झोळीला, मलमपट्टीला चालते. वजन पेलायला दोन दोर जोडण्यासाठी ती वापरायची नाही, हे वाक्य तीनदा सांगावे. माणसाला विहिरीतून वर घ्यायचे तर बोलाईन ही गाठ, जिचा फास आवळत नाही. तंबूच्या खांबाला क्लोव्ह हिच ही गाठ. एका बैठकीत तीन गाठी, चौथी नाही. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाने शिकलेली गाठ शेजारच्याला शिकवायची. इथेच कळते कोणाला येते आणि कोणाला येते असे वाटते. दोर ज्याचा त्याने घरी न्यावा. तीन मीटर दोराची किंमत वाचवायला सगळे गोळा करून ट्रंकेत ठेवणारी मंडळी आहेत. तो दोर मग पुढच्या वर्षीच बाहेर येतो.

मीठ-साखरेच्या पाण्याचेही तसेच. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे सगळ्यांना पाठ असते. पण चमचा पाच मिलिलिटरचा हवा, घरातले चमचे सहज दुप्पट निघतात, आणि शीग भरली की मीठ वाढून ते पाणी पाजणे धोक्याचे ठरते. तांब्यात नक्की किती मावते ते कोणी मोजलेले नसते. म्हणून गटप्रमुखांना घरचाच चमचा आणि तांब्या आणायला सांगावे आणि औषधाच्या मापाने मोजायला लावावे. पाणी उकळून गार केलेले, चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको, चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यायचे.

भाषेबद्दल थोडे. आजच्या गटप्रमुखांपैकी बरेच जण इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकलेले आहेत. घरी मराठी, गाणी मराठी, पण देवनागरीची गच्च छापलेली चार पाने ते वाचत नाहीत. लाजेपोटी सांगतही नाहीत. टिपण एका पानाचे असावे, अक्षर मोठे, ओळी सुट्या, आणि बैठकीत ते एकदा मोठ्याने वाचून दाखवावे. मैदान, शाळेची खोली किंवा समाजभवन मागण्याच्या अर्जाचा कन्नड नमुना मात्र प्रत्येक गटाला तयार द्यावा, नाव-तारीख भरली की झाले. दोन दिवसांचे हेलपाटे वाचतात.

जागेचा प्रश्न. सगळ्या बैठका बेळगाव शहरात ठेवल्या की पंचवीस-एक किलोमीटरवरचे खानापूरकर हळूहळू गळतात, आणि खानापूरच्या पलीकडची गावे तर आधीच. दहापैकी तीन तरी खानापूरला घ्याव्यात. निपाणी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. त्या भागाची बैठक वेगळीच हवी, आठवडाभराने, तेच टिपण आणि तीच सामानाची पेटी घेऊन. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराचा हॉल घेऊ नये. जोराची सर आली की दोन हातांवरचे ऐकू येत नाही. तोच मिळाला तर सगळ्यांना एकत्र काही सांगायचे सोडून द्यावे आणि गोल करून बसावे. वीज जाणारच, तेव्हा प्रोजेक्टरवर विसंबू नये. फळा, खडू आणि हाताने काढलेले तक्ते. आणि हॉलची किल्ली कोणाकडे आहे याची खात्री शुक्रवारी करावी. साडेतीनला बंद दाराबाहेर शिपायाला फोन लावत उभे राहणे हे आपल्याकडचे फार नेहमीचे दृश्य आहे.

खाण्याचे साधे ठेवावे. पोहे-शिरा ठरला की दोन माणसे स्वयंपाकात अडकतात, आणि बहुधा त्या दोन ताईच असतात, ज्यांनी स्वतः शिकायला हवे. तीस जणांना एक किलो चुरमुऱ्यांचे भडंग पुरते, ते आदल्या दिवशी करता येते. चहाला दीड लिटर दूध, तेवढेच पाणी, पाव किलो साखर. खर्च चहा, भडंग, झेरॉक्स आणि सामान धरून दर बैठकीला हजाराच्या आसपास राहतो. वीस गटांनी वर्षाला प्रत्येकी पाचशे रुपये दिले की दहा बैठका निघतात. प्रायोजक शोधू नये. प्रायोजक आला की फलक येतो, फलकामागून भाषण येते.

बैठक संपल्यावर काम संपत नाही. निघताना प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहावे, ‘उद्या यातले काय घेणार?’ ‘कार्यक्रम कसा वाटला?’ असे विचारले की सगळे ‘छान’ लिहितात. आठ-दहा चिठ्ठ्या कोऱ्या किंवा मोघम आल्या तर विषय फसला असे समजून पुढच्या वेळी शिकवण्याची पद्धत बदलावी. जे आले नाहीत त्यांना दोन दिवसांत टिपण पोहोचवावे, शक्यतो शेजारच्या गटाच्या हाती. हजेरीच्या वहीत एखादा गट लागोपाठ दोनदा गैरहजर दिसला तर पत्र पाठवू नये, त्यांच्या रविवारच्या वर्गाला कोणीतरी जाऊन बसावे. बहुतेक वेळा गटप्रमुख नोकरीसाठी पुण्याला किंवा गोव्याला गेलेला असतो आणि त्याच्या जागी पंधरा वर्षांचा मुलगा एकटा वर्ग सांभाळत असतो. त्याला बैठकीला आणायचे असेल तर आधी त्याच्या घरी जाऊन आई-वडिलांशी बोलावे लागते, आणि त्याच्याबरोबर वर्गाला दोन मोठी माणसे आहेत ना, तेही तिथेच बघावे लागते.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती. मंडळांनी मेअखेरीस ठरवलेल्या वर्षभराच्या तारखा कळवल्या तर त्या जूनच्या पहिल्या आठवड्यात एकत्र छापाव्यात, आणि बैठकीच्या आदल्या शुक्रवारी ‘आजचे-उद्याचे कार्यक्रम’ या सदरात ठिकाण, वेळ व सोबत काय आणायचे एवढी एक ओळ द्यावी. बैठकीनंतरची फोटोची बातमी नाही आली तरी चालेल.

आपले,
बेळगाव व खानापूर तालुक्यांतील काही गटप्रमुख-प्रशिक्षक